चौकटीचं नवं नाव

आमच्या बसवनगुडीच्या ऑफिसात कोड हाताने फारसा लिहीत नसू. आधी धंद्याच्या कारभाराचं चित्र काढायचं: चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. बटण दाबलं की त्यातून हजारो ओळी आपोआप तयार. जपायचं ते चित्र. ओळी दर खेपेला पुसून नव्या. एखादा नियम चित्रात बसत नसला तर तो हाताने लिहावा लागे. त्यासाठी प्रत्येक चौकटीच्या नावाखाली राखीव जागा असे. तेवढी जागा यंत्र जशीच्या तशी ठेवी.

औषधांच्या गोदामाचं काम होतं. मुदत संपलेला माल बाहेर जाऊ नये, हा नियम अक्कांनी असाच हाताने लिहिला होता. अक्का निपाणीकडच्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. मला म्हणायच्या, "तुझं चित्र म्हणजे देव्हारा रे. स्वल्प धूळ दिसली की लागलास पुसायला!"

खरंच होतं ते. एका शुक्रवारी 'माल' हे चौकटीचं नाव मला ओबडधोबड वाटलं. मी 'साठा' केलं आणि बटण दाबलं. यंत्राच्या लेखी जुनी चौकट गेली, तिच्यासोबत अक्कांचा नियमही.

पुढच्या आठवड्यात मुदत संपलेली खोकी दुकानांत पोचली. वेळेत परत आली, कुणाला काही झालं नाही. पण बैठकीत साहेबांनी विचारलं, "नियम कुठंय?"

"लिहिला होता, सर," अक्का म्हणाल्या.

"मग दाखवा."

दाखवणार काय? मागचं काहीच उरलं नव्हतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला तोवर सगळं कळलं होतं. मी वहीत चौकटी काढत बसलो. शेवटी त्याच म्हणाल्या, "विसरले असेन मी."

महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. निरोपाचा केक मीच कापायला लावला.

परवा, नऊ वर्षांनी, मल्लेश्वरमला भाजीवाल्यासमोर भेटल्या. हातात यादी, प्रत्येक नावापुढे दोन-दोन खुणा. "तेव्हापासून माझाच माझ्यावर भरवसा नाही बघ," म्हणाल्या आणि हसल्या.

ते हसू मला सोसवलं नाही. तिथेच, कोथिंबिरीच्या जुड्यांपुढे, सगळं सांगून टाकलं.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी यादीची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"म्हणजे मी लिहिला होता."

"हो, अक्का."

"नऊ वर्षं रे," एवढंच म्हणाल्या, आणि भाजी न घेताच मेट्रोकडे चालू लागल्या.