डोकं झाकलं तेव्हा

हेल्मेटच्या आतल्या पट्ट्याचा घामट वास आला की पेणजवळची ती पत्र्याची प्रार्थनेची शेड आठवते. त्या रविवारी डोलवीच्या पोलाद कारखान्यातली शिफ्ट संपवून मी तशीच प्रार्थनेला गेले होते. ओढणी घरी राहिली होती. हेल्मेटात मावेनात म्हणून केस कापले, त्याबद्दल आधीच बोलणी खाल्ली होती. पास्टरांच्या बायकोने दारातच अडवलं, "डोकं झाक गो, बायबलात लिवलंय." शेजारून पुरुष खुशाल उघड्या डोक्याने आत जात होते. मी चिडून हेल्मेटच चढवलं, पट्टा आवळला आणि पहिल्या रांगेत बसले. वाटलं, आता बाई भडकतील. त्यांनी निरखून पाहिलं आणि मान डोलावली, "व्हय, आता कसं!" आजही मला त्या अडवण्यापेक्षा त्या समाधानाचाच जास्त राग येतो.