बाबांच्या पायाचं माप

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, इस्पितळाच्या तळघरात बूट बनवतात. दुकानात मिळतात तसले नव्हेत. साखरेच्या आजाराने ज्यांच्या पावलांतली जाणीव गेली आहे, खडा टोचला तरी ज्यांना कळत नाही, अशांसाठीचे. माणूस आला की ते जमिनीवर कागद पसरतात, त्यावर त्याचं पाऊल ठेवतात आणि कानामागची पेन्सिल काढून भोवतीने रेघ मारतात. बोलतात फार कमी. चर्चमध्ये गातात तेही बेसूर.

मी चित्रकार. चर्चच्या भिंती रंगवतो. प्रेम कसं दिसतं ते दाखवणं हा माझा धंदा आहे, असं मी एकदा पाळकांना ऐटीत सांगितलं होतं.

बाबांच्या खोलीत माझं एकही चित्र नाही. पलंगाशेजारी खिळ्याला टांगलाय तो भाऊजींचा कागद : बाबांच्या डाव्या पावलाचं माप, कोपऱ्यात तारीख, अंगठ्याजवळ जपायच्या जागी एक फुली. मी दिलेलं चित्र कुठे गेलं, असं विचारलं तर म्हणाले, कपाटामागे ठेवलंय, ओल लागायला नको. आणि हे माप? ते हाताशी असलेलं बरं. त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखतं. औषध नसलेलं दुखणं.

भाऊजी कामावरून परस्पर बाबांकडे येतात. खाली मांडी घालून बसतात, पाऊल मांडीवर घेतात, बोटांच्या बेचक्या तपासतात, तळव्याखाली आरसा धरतात. पाच मिनिटांचं काम. तेवढ्यात बाबा त्यांना दिवसभराचं सगळं सांगून टाकतात. शेजारणीचं भांडण, पोटाची तक्रार, आईची आठवण. मी आलो की, “काय, बरं आहे ना?” आणि मग आम्ही दोघं खिडकीकडे बघतो. मुलगा मी होतो. जागा त्यांनी घेतली होती, आणि ती मला परत हवी होती.

तेवढ्यात चर्चच्या नव्या दालनाची भिंत मिळाली. प्रभू शिष्याचे पाय धुतो आहे, असं चित्र हवं होतं. मला एका म्हाताऱ्याचा पाय बघून काढायचा होता. बाबांना विचारलं. आढेवेढे न घेता हो म्हणाले.

दुपारी ताईही कामावर, घरात बाबा एकटेच. मी परातीत कोमट पाणी घेतलं, बाबांना खुर्चीत बसवलं, पाय पाण्यात ठेवला. पाणी निवलं की किटलीतलं ओतायचो. उन्हात वाफ सुरेख दिसत होती, म्हणून जरा सढळ हातानेच ओतलं.

“चटका बसत नाही ना?” मी विचारलं.

“नाही रे. तू काढ.”

ज्याच्या पायाला काहीच कळत नाही, त्याला मी चटक्याचं विचारत होतो. दोन तास बाबा हलले नाहीत. माझ्या हाताकडे टक लावून बघत होते. भाऊजींना रोज पाच मिनिटं मिळतात, मला दोन तास मिळाले, हा हिशेब मी मनात करत होतो, आणि चित्र झरझर उतरत होतं.

संध्याकाळी भाऊजींनी पाऊल उचललं. कातडी पांढरी पडून सुजली होती, बोटांखाली दोन टपोरे फोड. मी दाराशी उभा. काय झालं, त्यांनी हळूच विचारलं.

“मीच पाणी घेतलं,” बाबा म्हणाले. “शेकावंसं वाटलं.”

भाऊजींनी मान हलवली आणि पिशवीतून पट्टी काढली. लाजेने मेल्याहून मेलं व्हावं असा तो क्षण. पण माझं लक्ष कुठे होतं, तर त्यांच्या हाताकडे. त्यांनी टाच तळहातावर झेलली होती, पाखरू धरावं तशी. माझ्या चित्रात प्रभूने पाय तांब्या पकडल्यासारखा पकडला होता. त्या वेळीही मला राग आला तो त्यांचाच.

दोन दिवस मी तोंड उघडलं नाही. फोड फुटले. डॉक्टर म्हणाले, एखादं बोट काढावं लागेल, बघू. तिसऱ्या दिवशी तळघरात गेलो. डिंकाचा वास, रबराचा भुसा. भाऊजी एका बुटाचा तळवा घासत होते.

“पाणी मी ओतलं होतं,” मी म्हणालो. “किटलीतलं.”

“माहीत आहे. बाबांना ती किटली उचलत नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

“ते तुझ्यासाठी खोटं बोलले. मी मध्ये कशाला पडू?” त्यांनी तळव्यावरचा भुसा फुंकला. “सोळा वर्षं येतोय मी. माझ्यासाठी कधी खोटं बोलले नाहीत.”

त्या आवाजात जे होतं त्याची मला कोणी ओळख करून द्यायला नको होती. ते दुखणं माझ्या घरचंच होतं. मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं, माझा बूट काढायला लावला आणि माझ्याच पायावर पट्टी बांधून दाखवली. पाणी नेहमी कोपराने बघायचं. बेचकी कोरडी ठेवायची. पट्टी आवळायची नाही.

“उद्यापासून तू कर,” ते म्हणाले. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

भिंतीचं काम महिनाभर थांबू दे, असं पाळकांना सांगितलं आहे. बोटाचं अजून ठरायचं आहे.

पहिल्या दिवशी मी खाली बसलो, बाबांची टाच हातात घेतली. दुसरा हात चुकून पोटरीला लागला. तिथे त्यांना अजून कळतं.

“हात गार आहेत तुझे.”

“भाऊजींचे गरम असतात का?” माझ्या तोंडून गेलंच.

बाबा हसले. “त्यांचेही गारच. दिवसभर तळघरात असतात. पण ते आधी चोळून घेतात.”

मी टाच उशीवर ठेवली आणि हात चोळायला लागलो. भाऊजी किती वेळ चोळतात ते विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. थोडे जास्तच चोळले.