मराठीच्या बदल्यात बर्गर

माझ्या मुलीच्या मानेवरचा काळा पट्टा तिच्या आईने दोन वर्षं घासला. डाळीचं पीठ, साय, लिंबाची फोड, शेवटी टाचा घासायचा दगडसुद्धा. "आंघोळ नीट करत नाहीस," म्हणत घासायची, आणि मुलगी बेसिनवर मान खाली घालून उभी राहायची. मी बाहेर पेपर वाचत असायचो. तो मळ नव्हता. ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. बाकीचं सगळं मला माहीत होतं.

सुरुवात साताऱ्यात झाली. केंद्र सरकारची नोकरी, गाझियाबादला फ्लॅट, आणि वर्षातून एकदा गावी जाणं, असं आमचं चाललं होतं. मुलगी आठ वर्षांची होती. माझ्या वडिलांनी तिला विचारलं, आंबा कापून देऊ का. ती म्हणाली, "मेरे को नहीं खाना." वडील हसले. मग जेवताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिल्लीने तुला पगार दिला आणि मुलगी ठेवून घेतली."

मी एकूणच कमी बोलतो. पण परत आल्यावर पहिल्याच रविवारी तिला पहाडगंजला घेऊन गेलो. तिथे दिल्लीतल्या मराठी मंडळाचा भाषेचा वर्ग भरायचा. ती जाताना रडली, येताना मेट्रोत रुसून बसली. आमच्या स्टेशनाला लागून मॉल होता, तळमजल्यावर बर्गरचं दुकान. मी म्हणालो, "पुढच्या रविवारी तासाला एकही हिंदी शब्द बोलली नाहीस, तर तिथे जाऊ."

ती नाही बोलली.

मग तो आमचा रिवाजच झाला. दुकानात शिरल्यापासून निघेपर्यंत फक्त मराठी.

"बाबा, फ्राइजना काय म्हणायचं?"

"बटाट्याच्या काड्या."

"मग मला मोठ्या काड्या. आणि एक मोठं शीतपेय, बर्फ कमी. ते बर्फ घालून फसवतात."

काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सर, बच्ची क्या बोल रही है?"

"लार्ज," मी म्हणालो.

मुलगी खुदकन हसली. "बाबा हरला! बाबा इंग्रजी बोलला!"

त्या हसण्यासाठी मी काहीही विकत घेतलं असतं. घेतलंच. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ मुलाकडून सतराचा पाढा म्हणून घेत होते, पाढा संपल्याशिवाय आइस्क्रीमचा कप पुढे सरकत नव्हता. पलीकडे एक आजी नातवाला पहिला आल्याबद्दल पिझ्झा भरवत होत्या. सगळेच कुठून कुठून नोकरीसाठी आलेले, आणि जवळजवळ प्रत्येक टेबलावर मुलांकडून काहीतरी वसूल होत होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आपण चांगल्या घरांत मोडतो असं वाटायचं.

बायको बँकेत होती. बाहेरच्या खाण्याचा तिला तिटकारा. म्हणून पहिल्याच दिवशी मी मुलीला सांगितलं होतं, "आईला नको सांगूस. आपलं दोघांचं." हळूहळू रविवार पुरेना. धडा वाचला की बुधवारी काहीतरी. कथा पाठ झाली की घरी मागवायचं, आई बँकेतून यायच्या आत. खोके मी स्वतः खाली टाकून यायचो आणि खिडक्या उघडून ठेवायचो. मग मुलगी साडेआठला आईसमोर वरण-भात-भाजी पुन्हा जेवायची. पोट भरलेलं असूनही. मला वाचवण्यासाठी जेवायची, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

गणेशोत्सवात तिला कथाकथनाचं पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा ती दहा वर्षांची होती. "ळ" असा स्वच्छ, की मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, "दिल्लीत वाढलीय असं वाटतच नाही हो!" दुसऱ्या काकूंनी गाल धरला, "आणि तब्येतही छान आहे." मी साताऱ्याला फोन लावून तिला वडिलांशी बोलायला दिलं. वडील खूश झाले. मी त्यांच्यापेक्षा जास्त.

बाराव्या वर्षी शाळेच्या तपासणीत वजनावर लाल खूण आली. आम्ही तिला दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरीणबाईंनी आधी तिची मान पाहिली. "घिसिए मत," त्या बायकोला म्हणाल्या. "ये मैल नहीं है. शरीर में इन्सुलिन ठीक काम नहीं कर रहा, उसकी निशानी है. बाहर का खाना कितना होता है?"

बायको ताठ बसली. "बिल्कुल नहीं. महीने में एक बार भी नहीं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बायकोच्या बोलण्याला दुजोरा म्हणून. मुलगी भिंतीवरचा यकृताचा तक्ता वाचत होती.

बाहेरचं नाही, म्हणजे घरातलंच काहीतरी. त्या दिवसापासून बायकोने स्वतःचं स्वयंपाकघर आरोपीसारखं उभं केलं. तूप बंद, भात बंद, पोह्यातले दाणेसुद्धा बंद. ती स्वतःही खाईना. संक्रांतीला मुलीने गूळपोळी मागितली, एकच. बायकोने दिली नाही. मग स्वतःच मोरीत नळ सोडून रडली. मी ऐकलं.

मी थांबवायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. एका रविवारी मॉलसमोरून सरळ पुढे गेलो. मुलगी म्हणाली, "ठीक है, पापा." पापा. आठ वर्षांची असताना म्हणायची तसं. चार दिवस घरात माझ्याशी हिंदी. पाचव्या दिवशी मी खोका घेऊन आलो.

चौदाव्या वर्षी साखर निघाली. आम्ही दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलो होतो. बाकावर आणखी तीन-चार मुलं होती, तशाच काळ्या माना, एकाच्या हातात चिप्सचं पाकीट. आत डॉक्टर म्हणाल्या, "ये बीमारी हम बड़ों में देखते थे." बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "मेरी ही गलती होगी. बचपन में मैंने ही घी खिलाया."

तेव्हा मुलगी आईकडे वळून मराठीत बोलली. "आई, तुझं काही चुकलेलं नाही. मी शाळेच्या कॅन्टीनमध्ये खात होते. तुला न सांगता." शांतपणे, एकही शब्द न अडखळता. मी शिकवलेल्या भाषेत ती माझ्यासाठी खोटं बोलली. मी त्या दिवशीही गप्प बसलो. पुढे किती तरी महिने बायको मुलीच्या दप्तराची झडती घेत राहिली. मी ते पाहत होतो.

त्या दिवसानंतर मी तिला मॉलमध्ये नेलं नाही. तिनेही विचारलं नाही.

आता ती बावीस वर्षांची आहे, पुण्यात शिकते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. वाचताना अक्षरांवर डाग दिसतात म्हणून ती डोळे दाखवायला गेली होती. साखरेमुळे पडद्यावर रक्त उतरलंय, लेझर करावं लागेल, दोन्ही डोळ्यांना. फोन ठेवल्यावर बायको ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "कॅन्टीनचं एवढं थोडंच होतं? मीच लहानपणी तूप घालून घालून..."

मग मी सांगितलं. सगळं. रविवार, बुधवार, खोके, खिडक्या. डॉक्टरांपुढे हललेली मान. बोलायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

तिने मला मधे थांबवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "संक्रांतीला ती पोळी मागत होती. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी मोरीत होते तेव्हा?"

"हो."

तिने गॅस बंद केला. "तिला फोन करा. आईला सांगितलं म्हणावं. आठ वर्षं पोरीवर चोरीचा आळ ठेवलाय आपण." मग आत जाऊन तिने दार लावून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आला.

मी फोन लावला. काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं, त्यातलं निम्मं विसरलो. आईला सांगितलं, म्हणालो. कॅन्टीन नव्हतं, मी होतो, हे सांगितलं. तिने आधी आईचंच विचारलं.

"आई रडतेय?"

"दार लावून बसलीय."

मग ती म्हणाली, "अब बता के क्या होगा, पापा."

मी तिची भाषा सुधारली नाही. लेझर कधी आहे ते विचारलं, तिने गुरुवार सांगितला. मी येतो म्हणालो. ती म्हणाली, "आप मत आइए. मम्मी को भेज दीजिए."

मी बंद दारापाशी गेलो आणि बाहेरूनच बायकोला गुरुवार सांगितला.