रतिरामकाकाजींची टाकी

रतिरामकाकाजी चहासुद्धा बसून पीत नसत. एका हातात कप, दुसऱ्या हातात बशी, आणि पाय गाडीभोवती फिरत असायचे. गाडी म्हणजे अंगणात चिंचेखाली उभी असलेली त्यांची छोटी, पांढरी, जुनी मोटार. एक फेरी, एक घोट. चौथ्या फेरीला चहा संपला की बॉनेट उघडलं जायचं, बिघाड असो वा नसो. काकू दारातून म्हणायच्या, "याहिच्या पायाले भिंगरी हाये. स्मशानातबी हे चालतच जातीन."

त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी सहा वर्षं भाड्यानं राहिले. गोंदियातल्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला मी नाशिककडून आले होते. पहिल्याच दिवशी काकाजींनी माझ्या मोरीचा नळ बघून "हा गरून रायला" असं सांगितलं, आणि मी बराच वेळ नळाला झालंय तरी काय याचा विचार करत बसले. त्यांच्या बोलीत 'ळ'चा 'र' होतो, हे मला तेव्हा कळलं. मराठीची प्राध्यापिका म्हणून मिरवणाऱ्या बाईला हा पहिला धडा होता.

त्यांचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. आजोबा म्हणे तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, अनवाणी चालत जायचे आणि पाऊल ठेवूनच पाणी कुठून झिरपतंय ते सांगायचे. काकाजींनी स्वतः पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं जीप चालवली. पण डोकं तलाववाल्याचंच राहिलं. छत गळो, मडकं पाझरो, त्यांचं एकच म्हणणं असे, "पानी खोटं बोलत नाही, म्याडम. त्याले इचारत जा."

तो हिवाळा मात्र त्यांना फारच बेचैन करून गेला. त्यांची एकुलती एक मुलगी वंदना देवरीला दिली होती. तिला सातवा महिना होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. संक्रांत झाली की तिला आणायचं ठरलं होतं. जावई म्हणाले की ते भाड्याच्या गाडीनं पोचवतील. काकाजींनी ते साफ धुडकावलं. माझी पोर माझ्या गाडीत येईल, आणि गाडी मी चालवीन, एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं आणि फोन ठेवून दिला.

आणि नेमकी तेव्हाच टाकी गळायला लागली. समोरची काच धुवायला पाणी भरतात ना, ती प्लास्टिकची टाकी. धानाची मळणी चालू होती, रस्त्यांवर धूळ आणि कोंडा उडत होता. काचेवर पाणी नसेल तर पुढचं दिसणार कसं? काकाजींनी गॅरेजचं नाव काढू दिलं नाही. सकाळी सातला दोन नट सोडून त्यांनी टाकी बाहेर काढली, उलट्या बादलीवर ठेवली आणि पाण्यानं भरली. मग आत जाऊन मूठभर कोंडा आणला आणि टाकीत टाकला. तलावाला भोक पडलं की पाण्यावर कोंडा टाकतात, आणि तो जिथे गोल फिरतो तिथे खाली गळती असते, ही त्यांच्या आजोबांची रीत. टाकीचं तोंड वाटीएवढं, आत अंधार. कोंडा फिरला की बसला हे कुणाला दिसणार? पण काकाजी तोंडाला डोळा लावून पाऊण तास उभे.

शेवटी चीर काकूंना दिसली, बाहेरून, ओल्या रेघेवरून. काकाजींनी तुटक्या बादलीची पट्टी कापली, जुना पेचकस काकूंच्या गॅसवर लाल केला आणि प्लास्टिक वितळवून चीर बुजवली. घरभर असा वास सुटला की काकूंनी त्या दिवशी स्वयंपाक माझ्याकडे केला. पंपाच्या बुडाशी सायकलच्या ट्यूबचा नवा वायसरही बसवला. काम चोख झालं होतं. फक्त बटण दाबल्यावर काचेवर पाणी येईना, कारण फवाऱ्याच्या भोकात कोंडा अडकला होता. मी हसले. काकाजीही हसले आणि त्यांनी सुई मागितली.

पण दोन दिवसांनी टाकी पुन्हा रिकामी. त्यांनी ती पुन्हा काढली, पुन्हा डाग दिला. पुन्हा भरली, पुन्हा रिकामी. कॉलेजला जाताना मी पाहायची, काकाजी बॉनेटमध्ये डोकं घालून उभे. परत यायची, तरी तसेच. जेवणही ते उभ्यानं करू लागले. त्यांनी तिसऱ्यांदा टाकी काढली तेव्हा मलाही चीड आली, टाकीची आणि त्यांची.

एका रविवारी ते वंदनाला लाडू पोचवायला निघाले. मला सोबत घेतलं. गोंदिया सुटलं आणि मी पाहिलं, काकाजी मिनिटामिनिटाला काचेवर पाणी मारत होते. पाणी, वायपर, पुन्हा पाणी. "धुई दिसून रायली, म्याडम." मी समोर पाहिलं. धुकं कुठेच नव्हतं, काच लख्ख होती. मला लांबवरची ताडाची झाडं मोजता येत होती.

आमगावच्या अलीकडे डाव्या बाजूनं एक बाई सायकल घेऊन रस्त्यावर आली. मध्ये झाड नाही, झुडूप नाही, उघड्या माळावरून सरळ आलेली. काकाजींनी वेग कमी केला नाही. मी ओरडले तेव्हा ब्रेक लागला. बाईनं आम्हा दोघांचा उद्धार केला आणि निघून गेली. "कुठून आली थे?" काकाजींनी विचारलं आणि पुन्हा पाणी मारलं. संध्याकाळी परतताना म्हणाले, आजकाल गाड्यांच्या दिव्यांभोवती कंपनीवाले रंगीत कडी काऊन लावून रायले? देवरीहून येईपर्यंत मी सीट घट्ट धरून बसले होते.

टाकी आता गळत नव्हती. टाकी काकाजीच रिकामी करत होते.

हे मला कळलं, पण मी बोलले नाही. पंधरा दिवस बोलले नाही. ते वडीलधारे, मी भाडेकरू, आणि ज्या माणसाचं सगळं आयुष्य स्टिअरिंगमागे गेलं त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? मी भित्री होते, दुसरं काही नाही. ते बाहेर गाडीभोवती फिरत आणि मी आत खोलीत फिरत असे. रोज ठरवायचं, रोज दार उघडायचं, आणि भाजीचं काहीतरी विचारून परत यायचं. संक्रांत झाली. वंदनाला आणायला तीन दिवस राहिले, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

मी त्यांना म्हटलं, काकाजी, टाकी काठोकाठ भरा, पाण्याच्या रेषेवर खडूनं खूण करा आणि दिवसभर गाडी हलवू नका. परीक्षा त्यांच्याच रीतीची होती, म्हणून त्यांनी ऐकलं. दुसऱ्या संध्याकाळी बॉनेट उघडलं. पाणी खुणेवर होतं. काकाजींनी टाकीच्या बुडाखालून बोट फिरवलं. बोट कोरडं.

"काकाजी, टाकी गळत नाही," मी म्हटलं. "पाणी तुम्ही मारता. काच साफ असते."

त्यांनी ते कोरडंच बोट फडक्याला पुसलं. मग आवाज चढला. "छत्तीस वर्सं जीप चालवली. एक कोंबडी नाही मारली म्या. तुमी मले शिकवून रायल्या?" बॉनेट आपटलं गेलं. त्या संध्याकाळी काकूंनी माझ्याकडे नेहमीची वाटीभर भाजी पाठवली नाही. मी जेवलेच नाही.

सकाळी दार उघडलं तर काकाजी माझ्या पायरीवर बसले होते. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना गाडीबाहेर बसलेलं बघितलं. चहा पुढे तसाच गार झालेला. "थे सायकलवाली," ते म्हणाले, "मले दिसलीच नवती. मी रातभर तेच आठवून रायलो. पानी खोटं नाही बोललं. मीच बोललो."

त्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. वाटेत रिक्षात त्यांनी मोतीबिंदू ठरवूनच टाकला होता, आठ दिवसांत काढून मोकळे होऊ म्हणून. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. बाजूची नजर गेली ती गेली, उरलेली थेंब घालून जपायची. गाडी मात्र आता चालवायची नाही. काकाजींनी मान डोलावली. बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला थांबले आणि म्हणाले, "पाहा म्याडम. मी म्हनतच होतो, बिघाड काचेतच हाये." आणि ते हसले. मला हसू आलं नाही. मला रडू येत होतं, आणि ते त्यांच्या डाव्या बाजूला उभं राहून रडता येत होतं.

ठरल्या दिवशी त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. दोन वर्षांपूर्वी गावाबाहेर बिरसीच्या रस्त्यावर त्यांनीच मला गाडी शिकवली होती, शिव्या न देता, फक्त "हरू जी, हरू जी" म्हणत. जाताना ते माझ्या शेजारी बसले आणि सत्तर किलोमीटर त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबत राहिले. आजाराचं वंदनाला आज सांगायचं नाही, बाळंतपण झाल्यावर बघू, असं त्यांनी काकूंना बजावून ठेवलं होतं.

वंदना घराबाहेर आली, पोट सांभाळत. काकाजींनी पुढचं दार लावून टाकलं आणि मागे तिच्याजवळ जाऊन बसले. गाडी गावाबाहेर पडली तसं तिनं विचारलंच, "बाबा, आज तुमी काऊन नाही चालवून रायले?"

काकाजींनी तिच्या बाजूची काच वर केली. मग म्हणाले, "गाडी तं कोनीबी चालवते, बाई. चालवनाऱ्याले रस्त्याकडं पाहा लागते. मले आज तुलेच पाहाचं हाये."

ती हसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. आरशात मला दिसत होतं, काकाजी मान पुरती वळवून, नीट समोरून तिच्याकडे बघत होते. आमगाव मागे पडेपर्यंत त्यांनी मान हलवली नाही.