सेलोटेपचे वैरी

सेलोटेपशी सात जन्मांचं वैर असलेला माणूस अख्ख्या नवी मुंबईत एकच आहे, आणि माझ्या नशिबाने तो माझ्या शेजारच्या गाळ्यात बसतो. उलव्यात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे आणि त्याला लागून यांचं गिफ्टचं. गाव जासई, वय साठीच्या पुढचं, बांधा काटक, आणि शर्टाच्या खिशात पेन असावं तिथे सुतळीचं गुंडाळं. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही दादाच म्हणते. ते मला 'बाय' म्हणतात. मी साताऱ्याकडची, त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जरा दचकले होते. मग कळलं की इकडे मायेने असंच म्हणतात. पहिल्याच दिवशी मी त्यांच्याकडे कापडाच्या पिशवीला लावायला टेपचा तुकडा मागितला, आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवळात चप्पल घालून शिरले. "बाय, गाठ मारली तर सुटंल, घडी घातली तर उलगडंल. टेप निघते ती कागदाची साल काढूनच. टेप लावली म्हंजे कागद मेला." एवढं बोलून त्यांनी माझी पिशवी सुतळीने अशी बांधून दिली की घरी जाऊन ती मला सोडता येईना, पण फाटलीही नाही.

या वैराचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. तीसेक वर्षं न्हावा शेवा बंदराजवळच्या एका यार्डात त्यांनी माल पॅक केला. थर्माकोल, फुग्याफुग्यांचं प्लास्टिक, पट्ट्या, टेप. निवृत्त झाल्यावर एक दिवस खाडीच्या कडेला गेले, तिथे चिखलात अडकलेला कचरा बघितला, आणि त्यातलं निम्मं आपल्याच हातचं आहे असं त्यांच्या मनाने घेतलं. आता खाडीत काय काय येतं आणि कुठून कुठून येतं, पण दादांना पटवणार कोण? त्यांनी गाळा घेतला, गिफ्टचं दुकान टाकलं आणि दारावर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'इथे प्लास्टिक लावून मिळणार नाही.' काय मिळेल ते लिहायचं मात्र राहून गेलं, त्यामुळे पहिले दोन महिने लोक ही पाटी वाचून पुढे जात असत.

यार्डातली सवय मात्र अंगातून गेली नाही. वस्तू कितीही लहान असो, ती सातासमुद्रापार जायची आहे अशाच हिशेबाने दादा बांधणार. कप असो की गणपती, खोक्यात गच्च पेंढा भरायचा, झाकण लावायचं, खोकं कानाशी नेऊन हलवायचं, आत काही वाजलं तर पुन्हा सगळं उपसायचं. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंनी त्यांच्याकडून बहिणीला कपबश्या पाठवल्या. बहिणीने रिकामं खोकं गॅलरीत ठेवलं, पावसाचं पाणी त्यात गेलं, आणि पंधरा दिवसांनी सातव्या मजल्यावर भाताचे हिरवेगार कोंब आले. पेंढ्यात कुठेतरी लोंबी राहिली होती. बाई तक्रार घेऊन आल्या. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पानी वेळेवर घालतात ना?"

गिऱ्हाईक आलं की आधी चौकशी. कोणाला द्यायचं, कशासाठी, तो माणूस राहतो कुठे, आणि मग सगळ्यात मोठा प्रश्न, "फाडनारा हाय का सोडनारा?" दादांच्या मते जगात माणसांच्या दोनच जाती आहेत, भेट मिळाल्यावर कागद फाडणारे आणि कागद सोडवणारे. एकदा एक कॉलेजातला मुलगा मैत्रिणीसाठी टेडी घ्यायला आला. दादांचा प्रश्न ऐकून बिचारा लाजला आणि म्हणाला, "अंकल, अजून तेवढी ओळख नाही." दादा म्हणाले, "मंग आधी बघून ये." तो गेला तो चौकातल्या दुसऱ्या दुकानात, आणि लाल चकचकीत कागदात टेडी घेऊन आमच्या समोरून मान खाली घालून निघून गेला. दादांना त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, पण धंदा माझा नव्हता. प्लास्टिकबंदीची तपासणी करायला सरकारी माणसं आली तेव्हा तर दादांनी त्यांना बसवून घेतलं, चहा पाजला आणि पेंढा, सुतळी, केळीच्या बुंध्याची वाळलेली साल म्हणजे सोप, हे सगळं तासभर समजावून सांगितलं. तेव्हापासून ती माणसं आमच्या रांगेकडे फिरकत नाहीत.

माझ्या दुकानातल्या चिंध्यांवर तर त्यांचा पहिल्यापासून डोळा. रेशमी कापडाचे तुकडे नेऊन ते त्यांची फुलं करायचे आणि वर मलाच सांगायचे, "बाय, कात्री जरा सांबाळून चालव, तुकडा मोठा उरंल." गिऱ्हाइकाचं ब्लाउज तोकडं झालं तरी चालेल, दादांचं फूल मोठं झालं पाहिजे. पण त्यांची खरी दौलत म्हणजे जुनी कॅलेंडरं. जानेवारी लागला की सेक्टरभरातली गेल्या वर्षीची कॅलेंडरं त्यांच्या दुकानात जमा होत. ज्याचा वाढदिवस त्याला त्याच्याच महिन्याचं पान, आणि सुतळीची गाठ नेमकी त्या तारखेवर. ही कल्पना लोकांना फार आवडली, आणि खरं सांगायचं तर दुकान चाललं ते त्या गाठीवर. मीसुद्धा माझ्या नणंदेला असं एक गिफ्ट दिलं होतं आणि तिने ते पान अजून जपून ठेवलंय.

अशात त्यांच्या धाकट्या मुलीचं, पूनमचं, लग्न ठरलं. मुलगा पनवेलकडच्या नावड्याचा, नोकरी चांगली, माणसं साधी. साखरपुड्याचं ब्लाउज शिवायला पूनम माझ्याकडे आली आणि माप देता देता म्हणाली, "मावशी, तुम्ही सांगा ना बाबांना. एकदाच. सगळ्यांची ताटं कशी असतात, जाळी, मोती, चमकीचा कागद. मला पण तशीच हवीयेत. मला माहितीये ते काय बोलतात ते, मला पटतं पण. पण एकदाच." मी सांगितलं. दादा हसले. "माझ्या पोरीच्या साखरपुड्याला मी प्लास्टिक लावू?" विषय संपला. पूनमने पुन्हा स्वतः विचारलं, तेव्हा ते पेंढा निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "तू बघच, कसा करतो ते."

आठ दिवस खपून त्यांनी ताटं केली आणि खोटं कशाला बोलू, सुरेख केली. केळीच्या सोपाच्या दोऱ्या, माझ्या चिंध्यांची फुलं, आणि साखरेचा पुडा असा बांधलेला की एक टोक ओढलं की कमळासारखा उघडावा. हॉलमध्ये बायका वाकून वाकून बघत होत्या. दादा नवऱ्या मुलाच्या मामाला घड्या समजावून सांगत होते. तेवढ्यात मुलाच्या सुटाचं कापड बाहेर निघालं. त्याला गुंडाळलेलं कॅलेंडरचं पान मुलाच्या आत्याने हातात घेतलं, चष्मा लावला आणि ठसठशीत आवाजात वाचलं, "सर्वपित्री अमावास्या." वाकलेल्या बायका सरळ झाल्या. इथे एखादा शहाणा माणूस गप्प बसला असता. दादा पुढे होऊन म्हणाले, "तेच पान कोरं मिलतं हो. पितरांच्या पंधरवड्यात कोन काय लिवून ठेवतंय?" बोलणं अगदी खरं होतं. बाकीच्या सगळ्या पानांवर कोणाचं 'दूध बंद', कोणाची गॅसची तारीख. हे एकच पान स्वच्छ होतं, म्हणून त्यांनी जावयासाठी निवडून ठेवलं होतं. अंगठ्या घातल्या गेल्या, नावड्याची मंडळी जेवली, पण लग्नाची तारीख त्याच दिवशी ठरायची होती ती ठरली नाही.

मग आठ दिवस नावड्याहून फोन नाही. पूनम कामावर जायची, यायची, वडिलांशी बोलायची नाही. दादा दुकान उघडून बसायचे आणि गिऱ्हाइकाला काहीही विचारायचे नाहीत. जे मागतील ते काढून द्यायचे. मला ते बघवेना. शेवटी एका सकाळी म्हणाले, "बाय, नावड्याला येतेस का? मला बोलता नाय येनार." त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, यायला साफ नकार दिला होता. फुलं माझ्या चिंध्यांची होती, म्हणजे मीही थोडी आरोपी होतेच. मी गेले.

विहीणबाईंनी पाणी दिलं, चहा दिला. दादांनी अमावास्येबद्दल माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं. "दादा, अमावास्या काय, महिन्याला येते. आमच्या वन्सं बोलल्या, त्यांचं सोडा. मला वाईट कशाचं वाटलं सांगू? पोरगी खुर्चीवर बसून रडत होती आनि तुमी माझ्या भावाला घड्या दाखवत होता. तिला काय पायजे ते तिनं तुमाला दोनदा सांगितलं होतं, मला मुलानं सांगितलं. तुमी ऐकलं नाय. बापच ऐकत नाय तर आमी तिचं का ऐकत नाय, हे तुमी उद्या आमाला कोनत्या तोंडानं इचारनार?"

दादांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "चुकलो." एवढंच. त्या बाईही मोठ्या मनाच्या, लगेच उठून पंचांग घेऊन आल्या. तारीख ठरली. परतीच्या वाटेवर जासई आलं तसं दादांनी खिशातलं सुतळीचं गुंडाळं काढून हातात घेतलं. मग म्हणाले, "गिऱ्हाइकाला एवढे प्रश्न इचारले मी. पोरीला एक नाय इचारला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पूनमला दुकानात बोलावलं आणि विचारलं, "तुला कोनता रंग पायजे?" तिला आधी ती थट्टा वाटली. मग वडिलांच्या तोंडाकडे बघून तिने हळूच सांगितलं, राणी कलर, चमकीवाला. दादा पनवेलला जाऊन रोल घेऊन आले. स्वतःच्या दुकानात बसून तो कागद कापायचं काही त्यांना जमेना, म्हणून माझ्या दुकानात येऊन बसले. टेप कशी तोडतात तेही त्या माणसाला येत नव्हतं. ती अंगठ्याला गुंडाळायची, बाहीला चिकटायची. मी हसले, मला आवरलंच नाही. ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. लग्नाची एकवीस ताटं त्यांनी बांधली आणि एकाही ताटाला सुरकुती नव्हती. लग्नात सगळ्यांनी ताटांची तारीफ केली. पूनम ज्याला त्याला सांगत होती, "बाबांनी केलीत." दादा मागे भिंतीशी उभे होते आणि कोणालाही काही समजावून सांगत नव्हते.

लग्नानंतर दोन दिवसांनी त्यांनी दुकान उघडलं. गिऱ्हाईक नव्हतं. हात मांडीवर ठेवून बसले होते आणि नखांत, बोटांच्या रेघांत, मनगटापर्यंत राणी रंगाची चमकी बसली होती. साबणाने ती जात नाही, हे मला धंद्यामुळे माहीत आहे. मी खोबरेलाची बाटली पुढे केली आणि म्हटलं, "दादा, तेल चोळा, निघेल." त्यांनी हात दाराच्या उजेडात धरले, उलटे केले, सुलटे केले, आणि बाटली माझ्याकडे सरकवली.

"ऱ्हाऊंदे, बाय," ते म्हणाले. "जाईल हलूहलू."