जुन्या बसस्टँडजवळ

अख्ख्या मूल तालुक्यात एखादी वस्तू सबंध नवी विकत घेण्याचं पाप ज्याच्या हातून कधीच घडलं नाही असा माणूस एकच, आमच्या रफूवाल्या चाचांचा थोरला. त्याच्या छत्रीचं कापड तीनदा बदललं, काड्या दोनदा, मूठ एकदा. तरी छत्री 'जुनीच'. उजवी चप्पल झिजली की तो बाजारात फक्त उजवीच मागे आणि दुकानदाराशी तासभर भांडे. स्वतःसाठी मुलगी पाहायला निघाला तेव्हाही मला म्हणाला, "सदरा चांगलाच हाये भाऊ, कॉलर तेवढी नवी लावली."

असा हा गडी बापाची सुई सोडून माझ्या छापखान्यात कॉम्प्युटरवर बसला. चाचांनी बजावलं, "मार्कंड्याच्या जत्रेपर्यंत काही करून दाखव, नाई तर दुकानात ये." दाखवायची होती व्यापाऱ्यांची सूची. नावं-पत्ते एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रत्येक तुकड्यावर तो काय आहे याची चिठ्ठी. आणि त्यातून छापायची पानं तयार करणारी एक्सएसएलटीची कृती. नेमकं तेव्हाच बसस्टँड हललं. आता प्रत्येक 'बसस्टँडजवळ'चं 'जुन्या बसस्टँडजवळ' करायचं, आणि त्या काळच्या एक्सएसएलटीत मजकुरातला तुकडा बदलायची आज्ञाच नव्हती!

"घाबरू नोका भाऊ, कापतो न जोडतो!" त्याने शब्दाच्या आधीचा तुकडा कापला, नवा शब्द लावला, नंतरचा तुकडा जोडला आणि आणखी कुठे राहिलं का ते पाहायला ती सबंध ओळ परत त्याच कृतीच्या हाती दिली. मशीन गुरगुरलं आणि गोठलं. तीन दिवस हेच. शेवटी त्याने पाचव्या फेरीला थांबवून पाहिलं, तर पत्ता होता, 'जुन्या जुन्या जुन्या जुन्या जुन्या बसस्टँडजवळ'. बदललेल्या पत्त्यातही 'बसस्टँडजवळ' होतंच की! मशीनला दर फेरीला तेच भोक नव्याने सापडत होतं. जत्रा दोन दिवसांवर. पोराचा चेहरा सुईत दोरा ओवायला बसल्यासारखा.

चाचा डबा घेऊन आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "काऊन रे, रफू झाल्या जागी फिरून सुई घालून राह्यला? तेवढं सोड. उरलेलं कापड पुढं घे."

थोरला खुर्चीतून असा उडाला की डबा सांडला. फक्त नंतरचा तुकडा पुन्हा कृतीला दिला आणि मिनिटभरात सगळे पत्ते दुरुस्त! जत्रेत चाचा जो भेटेल त्याला सूची दाखवत होते, "पाहा, जोड दिसते का कुठी?"

चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. सूचीच्या दर आवृत्तीला मी विचारतो, "रफूच्या दुकानापुढे चाचांच्या जागी आता तुझं नाव टाकू का? एका ओळीचं तर काम." आयुष्यभर सगळ्याचे तुकडे बदलत आलेला तो माणूस चष्मा पुसत बसतो.

"उरलेल्या कापडात पाहू, भाऊ."