लाल दिवा बघणारी बहीण

मंडळी, आज दुपारी एक गोष्ट कळली. जरा उशिराच कळली म्हणायची.

बेळगावात शाळेत असताना काकांनी दिलेला, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम मी अजून जपून ठेवलाय. तेव्हा त्याच्या इवल्याशा पडद्यावरच खेळायचो, टीव्हीला कधी जोडला नाही. त्याची जुनी वायर नव्या टीव्हीला लागत नाही, म्हणून काल इथल्या चिकपेटच्या बाजारात गेलो तेव्हा वायर जुळवणारा एक कन्व्हर्टर आणला. आज जोडला. चित्र अंधुक, पण आलं.

धाकटी बहीण याच शहरातल्या बनशंकरीहून जेवायला आली होती. मी खेळत होतो, ती शेजारी बसून बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "अण्णा, ह्यात नदी पण आहे होय?"

"अगं, तेव्हा रोज शेजारीच बसायचीस की."

"शेजारून काय दिसणार? काच नुसती चकाकायची. मला तो लाल दिवा तेवढा दिसायचा."

बॅटरी संपत आली की तो दिवा लागायचा. त्यावर लक्ष ठेवायचं काम मीच तिला दिलं होतं. मी हरलो की डाव तिचा, असा नियम होता. मी हरायचोच नाही, आणि त्याची मला केवढी घमेंड.

गेम तिच्या हातात दिला. पहिल्याच वळणावर ती नदीत पडली. हसली, आणि नियमाप्रमाणे गेम लगेच माझ्यापुढे धरला.

मी घेतला नाही. म्हटलं, "खेळ तू. दिवा मी बघतो."

तुमच्या शेजारी कोण बसायचं? त्यांना काय दिसायचं, कधी विचारलंत?